घरून स्वतंत्र व्यवसाय करताना कामाची शिस्त आणि एकाग्रता कशी टिकवावी?

आरेखन_राजारामपुरी (प्रश्न)

नमस्कार. मी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवीधर असून कोल्हापूर शहरातील एका सल्लागार कार्यालयातील नोकरी सोडून गेल्या वर्षापासून राजारामपुरीतील राहत्या घरूनच स्वतंत्रपणे काम करीत आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील काही फौंड्रींसाठी (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी) सुट्या भागांची त्रिमितीय मॉडेल आणि पॅटर्नची (ज्याभोवती साचा तयार होतो त्या नमुन्याची) ड्रॉइंग तयार करणे हे माझे मुख्य काम आहे. काम पुरेसे मिळते, ग्राहक चांगले आहेत आणि घरातील कोणाचाही या निर्णयाला विरोध नाही. अडचण आहे ती दिवसाच्या आखणीची.

नोकरीत असताना साडेनऊला टेबलावर असायचे ही गोष्ट मला कधी ठरवावी लागली नाही. आता तीच गोष्ट रोज सकाळी नव्याने ठरवावी लागते, आणि ज्या गोष्टी रोज ठरवाव्या लागतात त्यांत चालढकल शिरतेच. महापालिकेच्या पाण्याची वेळ, गॅसचे सिलिंडर, कुरिअर, सासूबाईंची दवाखान्याची फेरी आणि ‘तू घरीच आहेस ना, मग जरा...’ असे म्हणून येणारे नातलगांचे फोन यांत दुपार होते. राहिलेले काम मग रात्री जेवणानंतर सुरू होते, आणि त्यामुळे दुसऱ्या दिवसाची सुरुवातही उशिरा होते.

या कामात एकाग्रतेवाचून निभाव लागत नाही, म्हणून मला हे अधिक जाचते. ओतलेले बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण १ टक्का आकसते, म्हणून पॅटर्नचे प्रत्येक माप तेवढे वाढवून धरावे लागते. ज्या पृष्ठभागांवर पुढे मशिनिंग (यंत्रावर धातू कापून अचूक माप देणे) व्हायचे आहे तेथे जादा धातू ठेवावा लागतो. आणि पॅटर्न साच्यातून अलगद निघावा म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. हे सारे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे मापे तपासताना मध्येच उठावे लागले की पुन्हा त्याच जागी पोहोचायला बराच वेळ जातो. एखादे माप राहून गेले तर ते पॅटर्न शॉपमध्ये लाकूड किंवा ॲल्युमिनियम कापून झाल्यावर, कधी तर थेट कास्टिंग हाती आल्यावरच ध्यानात येते.

पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती या पद्धतीचा सल्ला मला अनेकांनी दिला, परंतु माझ्या कामाला ती मानवत नाही असे वाटते. ज्यांनी बरीच वर्षे घरून व्यवसाय केला आहे त्यांनी दिवसाची घडी कशी बसवली, आणि घरातील माणसांना न दुखावता कामाच्या वेळा कशा पाळल्या, हे जाणून घ्यायचे आहे.

हुपरीकर

ताई, घरून काम करणे ही गोष्ट संगणकामुळे नव्याने आली असे शहरात मानले जाते, पण आमच्या हुपरीत चांदीचे काम पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतच चालत आले आहे. पुढच्या खोलीत काम आणि मागच्या खोलीत संसार, मुले त्याच घरात अभ्यासाला बसलेली आणि पाहुणेही त्याच दाराने येणारे, अशी घरे मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि आज माझेही घर तसेच आहे. त्यामुळे आपल्या प्रश्नाचा मी पुष्कळ विचार केलेला आहे.

या घरांत शिस्त टिकते याचे कारण तेथील माणसे जात्याच निग्रही असतात असे नाही. पैंजणाचा एक जोड तयार व्हायचा तर चांदी आटवणारा एक, तार ओढणारा दुसरा, जोडकाम करणारे तिसरे, घुंगरू बसवणारे चौथे आणि पॉलिश करणारा पाचवा असा माल घरोघर फिरतो. मी आज जोडकाम पुरे केले नाही तर उद्या सकाळी पलीकडच्या गल्लीतील बाई हात बांधून बसून राहतील, हे मला ठाऊक असते. त्यांची रोजी माझ्या हातात अडकलेली असते. एवढी एक जाणीव माणसाला सकाळी कामावर बसवायला पुरेशी होते. स्वतःशी केलेल्या संकल्पात तेवढे बळ मी क्वचितच पाहिले आहे.

आपल्या कामाची मांडणी मला याच्या नेमकी उलट दिसते. फौंड्री आपल्याला एक काम देते, दहा-बारा दिवसांनंतरची एक तारीख देते, आणि मधल्या काळात आपली वाट पाहणारे कोणीच नसते. तेव्हा मोठ्या कामाची एकच शेवटची तारीख कधीही घेऊ नये असे मी सुचवेन. काम स्वीकारल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ड्रॉइंगवरील सर्व शंका फौंड्रीच्या इंजिनिअरकडे लेखी पाठवाव्यात. त्यानंतर पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जेथे जुळतात ती रेषा) आणि कोअरची (पोकळी राखण्यासाठी साच्यात ठेवायच्या गाभ्याची) जागा ठरवलेले कच्चे मॉडेल कोणत्या वारी किती वाजता दाखवणार हे कळवावे. आणि अंतिम ड्रॉइंग पॅटर्न बनवणाऱ्याच्या हाती कधी पडेल हे त्याला स्वतंत्रपणे सांगावे. पॅटर्नमेकर त्या दिवशी आपले मशिन रिकामे ठेवून वाट पाहणार आहे हे एकदा कळले की सासरच्या मंडळींनाही ‘आज दुपारी मला जमणार नाही’ असे सांगणे सोपे जाते, कारण तेव्हा आपण स्वतःच्या सोयीसाठी नव्हे तर दुसऱ्याच्या कामासाठी नकार देत असतो. ड्रॉइंगमधील शंका लवकर बाहेर पडतात हा लाभ तर वेगळाच, आणि माझ्या मते तो वेळेच्या शिस्तीहूनही मोठा आहे.

आणखी एक रीत सांगतो. आमच्याकडे चांदी वजन करून दिली जाते आणि झालेला माल वजन करूनच परत घेतला जातो. घट किती आली याचा हिशेब दोघांसमोर होतो. त्यामुळे दिवस कसा गेला याविषयी स्वतःची समजूत काढायला जागाच उरत नाही. आपण रोज काम थांबवताना कोणत्या भागाचे किती काम झाले हे एका वहीत दोन ओळींत लिहावे. किती तास बसलो हे लिहू नये. तासांची नोंद माणसाला समाधान देते, पण बसण्याचे तास आणि झालेले काम यांचा मेळ दर वेळी असतोच असे नाही.

शाहूपुरी_अनुवाद

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मला त्यात भर घालायची आहे ती मध्येच उठावे लागण्याविषयी. मी कायदेविषयक कागदपत्रांचे अनुवाद करते. करारातील एखादे लांबलचक कलम डोक्यात धरलेले असताना कोणी हाक मारली की काय होते याचा अनुभव मलाही नित्याचा आहे.

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले आहे की एक काम अपुरे टाकून आपण दुसऱ्याकडे वळतो तेव्हा लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरे काम त्यामुळे कच्चे होते. पुढे २०१८ साली थेरेसा ग्लोम्ब यांच्यासह केलेल्या कामात त्यांनी त्यावर एक साधा उपायही तपासला. उठण्यापूर्वी आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची हे थोडक्यात लिहून ठेवले तर मधल्या कामाकडे अधिक चांगले लक्ष देता येते. आपल्या बाबतीत ही नोंद ‘डाव्या फ्लँजचे मशिनिंग अलाउन्स पाहिले, आता बोअरपासून सुरू’ एवढीच असेल. दारावरची घंटा अर्धे मिनिट थांबू शकते.

हे आयत्या वेळी सुचत नाही, म्हणून ते आधीच ठरवून ठेवावे लागते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार येथे फार उपयोगी पडतो. ‘मी एकाग्रतेने काम करीन’ असा मोघम निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे प्रसंग आणि कृती जोडून ठरवले तर ते पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. मुलगा शाळेच्या रिक्षात बसला की मी स्वयंपाकघरात न शिरता थेट टेबलाशी जाईन. मापे तपासताना फोन वाजला तर चालू ओळ पूर्ण करून मगच तो पाहीन. अशी चार-पाच वाक्ये लिहून ती टेबलासमोर लावावीत. आपण रोज नव्याने ठरवावे लागण्याविषयी लिहिले आहे, त्यावर मला ठाऊक असलेला हा सर्वांत खात्रीचा इलाज आहे.

पंचवीस मिनिटांच्या पद्धतीविषयी आपले मत मला योग्य वाटते. फ्रान्सेस्को सिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थिदशेत अभ्यासासाठी ती तयार केली आणि सुटी सुटी कामे उरकण्यासाठी ती आजही उत्तम आहे. बिले करणे, ई-मेलना उत्तरे देणे, फाइलींना नावे देऊन जागच्या जागी ठेवणे अशा कामांना ती लावावी. गुंतागुंतीचे मॉडेल मनात आकार घेत असताना मात्र घड्याळाच्या गजराने उठणे म्हणजे स्वतःच स्वतःच्या कामात व्यत्यय आणणे होय. एक उपयोग तरीही सांगते: ज्या दिवशी काम सुरूच करवत नाही त्या दिवशी पहिली पंचवीस मिनिटे तेवढी लावावीत आणि नंतर घड्याळ बाजूला ठेवावे.

फोनबाबत मी कडक आहे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरावीक वेळेत आपोआप जाणारा संदेश लावण्याची सोय असते, तीत ‘साडेबारानंतर उत्तर देईन’ असे लिहून ठेवले की बहुतेक ग्राहक थांबतात, आणि ज्यांचे काम खरोखर अडलेले असते ते फोन करतात. शाळा आणि घरची माणसे यांचे फोन तेवढे वाजू द्यावेत. बाकीचे सारे बंद ठेवावे. छापलेल्या प्रती तपासायच्या असल्या की मी घराबाहेर पडते. १८५० सालापासून चालत आलेले आपले करवीर नगर वाचन मंदिर या शहरात असताना, शांतपणे वाचायला जागा मिळत नाही अशी तक्रार निदान कोल्हापूरकरांनी करू नये, असे मला मनापासून वाटते.

मंगळवारपेठ_वेब

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मी घरून संकेतस्थळे तयार करतो आणि माझी आई अंथरुणाला खिळलेली असल्यामुळे तिचे सर्व काही मलाच पाहावे लागते. नऊ ते पाच अशी ठरीव वेळ, बंद दार आणि मूक फोन हे सल्ले, घरातील बाकीचे सर्व कोणीतरी दुसरे सांभाळत आहे असे गृहीत धरून दिलेले असतात. आपण प्रश्नात जी यादी दिली आहे ती पुन्हा वाचून पाहावी. पाणी, सिलिंडर, कुरिअर, दवाखाना यांपैकी एकही गोष्ट आपल्या एकाग्रतेशी संबंधित नाही. ती घरकामाची यादी आहे, आणि आपण नोकरीत असताना ती कामे कोणीतरी करीतच होते. आता आपण घरात दिसता म्हणून ती आपल्याकडे आली.

म्हणून माझ्या मते हा प्रश्न शिस्तीचा कमी आणि वाटणीचा अधिक आहे. घरातील सर्वांनी एकदा बसून कोणते काम कोणाचे हे ठरवावे, आणि ते ठरवताना आपल्या व्यवसायातून घरात येणाऱ्या उत्पन्नाचा उल्लेख संकोच न करता करावा. दवाखान्याच्या फेऱ्या पतीने किंवा दिराने महिन्याआड घेतल्या तरी आपल्या कितीतरी दुपारी मोकळ्या होतील. सासूबाईंची भेटीची वेळ डॉक्टरांकडे आधी घेऊन ठेवता येते. तसे केले की ती फेरी आपल्या कामाच्या तासांत अचानक येऊन पडत नाही.

वेळेबाबत म्हणाल तर मी घड्याळ धरत नाही. दिवसातून सलग दीड-दोन तासांचे दोन टप्पे मिळवायचे, मग ते पहाटे मिळोत की आई झोपल्यावर दुपारी, एवढाच माझा नियम आहे. अवघड काम या दोन टप्प्यांत आणि बाकीचे सारे उरलेल्या वेळेत. रात्रीचे काम मात्र शक्यतो टाळावे, कारण त्याचा भार दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर पडतो हे आपणच लिहिले आहे.

करविषयक_सल्लागार

एकाग्रता भंगण्याचे एक कारण अद्याप कोणी मांडलेले नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या अनेक स्वतंत्र व्यावसायिकांत मी ते पाहतो. अडकलेली येणी आणि न केलेला हिशेब ही दोन्ही माणसाच्या मनात दिवसभर चालू असतात. समोर मॉडेल असते आणि मनात मागच्या महिन्याचे बिल असते.

आठवड्यातील एक ठरावीक वेळ, समजा शुक्रवारी दुपारचा एक तास, केवळ पैशाच्या कामासाठी राखून ठेवावा आणि त्या वेळेत बिले पाठवणे, आलेली रक्कम नोंदवणे व थकबाकीची आठवण करणे एवढेच करावे. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर ती करून घ्यावी. ती विनामूल्य आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला ग्राहकाने लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली की आठवणीचा फोन करताना अवघडल्यासारखे होत नाही.

आगाऊ कर हीदेखील शिस्तीचीच बाब आहे. उद्गम कर (ग्राहकाने पैसे देतानाच कापलेला कर, टीडीएस) वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक होणार असेल तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण कर भरायचा असतो. अंदाजित उत्पन्नाची योजना (ज्यात जमा रकमेचा ठरावीक हिस्सा हेच उत्पन्न धरले जाते) स्वीकारणाऱ्यांना एकदाच, १५ मार्चपर्यंत भरता येतो. नोकरीत हे सारे दुसरे कोणी करीत होते. आता आलेल्या प्रत्येक रकमेतील काही भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावा, म्हणजे या तारखांच्या आधीचे आठवडे विवंचनेत जात नाहीत.

सुट्ट्यांचाही विचार याच वेळी करावा. नवरात्र, दिवाळी, जोतिबाची चैत्र यात्रा या दिवसांत कोल्हापुरात घरी पाहुणे येणार आणि काम होणार नाही हे ठाऊक असते, तेव्हा ते दिवस वर्षाच्या आरंभीच बंद धरून ग्राहकांना कळवावेत. कामही नाही आणि सुट्टीही नाही अशा अवस्थेत सण घालवण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

आरेखन_राजारामपुरी

सर्वांची मनापासून आभारी आहे. मी एखादी युक्ती मिळेल या अपेक्षेने प्रश्न विचारला होता, आणि आपण सर्वांनी त्याच्या मुळाशी जाऊन उत्तरे दिलीत.

घरकामाच्या यादीविषयी जे लिहिले आहे ते मी पतीला वाचून दाखवले. दवाखान्याच्या फेऱ्या आणि पाण्याची वेळ ही दोन कामे ते घेणार आहेत, आणि तसे त्यांनी सासूबाईंना स्वतःच सांगितले, हे मला विशेष मोलाचे वाटते. मी सांगितले असते तर त्याचा अर्थ कदाचित वेगळा घेतला गेला असता. टप्प्याटप्प्याने तारखा देण्याची पद्धत सध्याच्या कामालाच लावली आहे. शंकांची यादी पाठवल्यावर त्या फौंड्रीच्या इंजिनिअरने एका बॉसची (भागावरील उंचवट्याची) जागा बदलत असल्याचे लगेच कळवले; एरवी हा बदल मला मॉडेल पूर्ण झाल्यावर समजला असता. टेबलासमोर लावण्याची वाक्येही लिहिली आहेत.

हुपरीकरांना एक विचारायचे आहे. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी वाट पाहत असेल तर दोन फौंड्रींचे टप्पे एकाच दिवशी येऊन धडकण्याची भीती वाटते. दोघेही तातडीचे म्हणतात. अशा वेळी आपल्याकडे कोणाचा माल आधी हातात घेतला जातो?

हुपरीकर

ताई, ज्याने चांदी, वजन आणि नमुना तिन्ही पुरे दिले आहे त्याचा माल आधी, मग ओळख कितीही जुनी असो. आपल्याकडे ज्या फौंड्रीने धातूचा ग्रेड, नगांची संख्या, मशिनिंगचे पृष्ठभाग आणि मंजूर ड्रॉइंग असे सर्व दिले असेल तिचे काम आधी घ्यावे. ज्यांच्याकडून माहिती यायची आहे त्यांना ती आल्याच्या दिवसापासून तारीख मोजली जाईल असे काम स्वीकारतानाच लिहून द्यावे. बहुतेक तातडी तेथेच निवळते, कारण माहिती गोळा करायला त्यांनाही दोन-तीन दिवस लागतात.

आणि आठवड्यातील एक सबंध दुपार कोणालाही देऊ नका. आम्ही गुरुवारची ठेवतो. लग्नसराईत सगळीकडून मागणी येते तेव्हा ती दुपार विकण्याचा मोह फार होतो, पण तारेत दोष निघाला, वीज गेली, घरात कोणी आजारी पडले की तीच उपयोगाला येते. तिच्यात काही अडले नाही तर पुढच्या टप्प्याचे काम घ्यावे, पण ग्राहकाला ते आधी सांगू नये.

दोन्ही फौंड्री खरोखरच एकाच दिवशी अडल्या तर दोघांनाही सकाळीच फोन करून एकाला आजची आणि दुसऱ्याला उद्या दुपारची वेळ द्यावी. संध्याकाळी कळवले तर ज्याचे काम पुढे गेले त्याने मशिन रिकामे ठेवलेले असते. सकाळी कळवले तर तो दुसरे काम लावू शकतो.